चष्मा घरचा की दुकानाचा

५ जानेवारी

चि. बॉबिन हिला बाबांचे आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव, मी माझ्याकडून टपालात टाकले आहेत.

फोन तू आईचा घेतेस, माझा कापतेस. कापता येतो म्हणून कापतेस. पत्राचं तसं नाही. पत्र निदान उघडावं लागतं, आणि उघडलं की डोळे पहिल्या ओळीवर जातातच. त्या एका ओळीच्या भरवशावर लिहितो आहे.

त्या दिवशी दुकानात झालं ते पुन्हा उगाळत बसत नाही. तुझी आई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी पैसे मागायला आली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ड्रॉवरमध्ये होते ते पैसे मशीनच्या सुया-पट्ट्यांच्या व्यापाऱ्याला द्यायचे होते, आणि मी म्हणालो, "संध्याकाळी बघू." माझ्या मते बोलणं तेवढंच. पण तू सुट्टीवर आलेली, माझ्या मागच्या स्टुलावर चहा पीत बसलेली. पेला खाली ठेवलास, स्वतःची पर्स उघडलीस, आईला पैसे दिलेस आणि मला म्हणालीस, "तीस वर्षं जिच्या हातात पगाराचं न उघडलेलं पाकीट ठेवलंत, तिला आता हात पसरायला लावलात." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलीस ती पाय आपटत. जिन्याची एक पायरी तेव्हापासून हलते असं तुझ्या आईचं म्हणणं. मी म्हणतो, ती आधीपासूनच हलत होती.

मग मी विचार केला. हसू नकोस, अधूनमधून करतो.

कारखान्यात मी आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त केली, पैशांना कधी हात लावला नाही. पहिल्या तारखेला खिडकीतून पाकीट यायचं, ते तसंच बंद घरी, तुझ्या आईच्या हातात. ती कडेने जपून फाडायची, कारण रिकामं पाकीट तुझं असायचं. त्यात तू दोऱ्यांचे तुकडे, बटणं आणि एकदा मेलेला भुंगा ठेवला होतास. मग तुझी आई मला चहाचे आणि बसचे पैसे मोजून द्यायची आणि जग चालायचं. निवृत्त झालो, फंडाच्या पैशातून दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि पाकीट गेलं, ड्रॉवर आला. पाकिटाला महिन्यातून एकदा पहिली तारीख असते, ड्रॉवरला रोजच पहिली. त्यातूनच सुया, त्यातूनच गॅस, त्यातूनच माझे केस कापायचे आणि त्यातूनच दुकानाचं भाडं. एका महिन्यात कामाची गर्दी झाली तेव्हा वाटलं, आपण सावकार झालो, म्हणून घरी पंखा आणला. पुढच्या महिन्यात दुकानात सुया आणायला पैसे नाहीत. पंखा मात्र मजेत फिरतोय.

म्हणून नवा कायदा केला आहे. दुकानात आता दोघं आहेत, एक मालक आणि एक कारागीर. दोघेही मीच, पण त्यांचं फारसं पटत नाही. ड्रॉवरची किल्ली मालकाकडे. कारागिराला पहिल्या तारखेला पाकीट मिळेल, तपकिरी, बंद. ते तो घरी आणून तुझ्या आईच्या हातात देईल. मधल्या दिवसांत त्याने ड्रॉवरला बोट लावलं तर त्याची नोकरी गेली समज. पगार कारखान्यात शेवटचा होता तेवढाच धरला आहे, छदाम कमी नाही. तुझ्या आईला या वयात उतरण दाखवणार नाही.

आता तू मला दोन ओळी लिही. पहिल्या ओळीत शिवी असली तरी चालेल, दुसरी कोरी ठेवलीस तरी चालेल. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला सोसत नाही, म्हणून मागतो आहे.

तुझा
बाबा

ता. क. बाळा, आई लिहितेय. टपालपेटी माझ्या वाटेवर आहे, त्यामुळे पत्रं टाकायचं काम माझ्याकडे आलंय. डिंक लावायच्या आधी मी वाचते, हे त्यांना माहीत नाही. पायरी तू जाण्याआधी घट्ट होती. तिकडे थंडी आहे का? जाड पांघरूण पाठवू?

२ फेब्रुवारी

चि. बॉबिन,

काल पहिली तारीख होती. मालकाने ड्रॉवर उघडला, पैसे मोजले, पुन्हा मोजले, तोंड वाकडं केलं आणि पाकिटात घातले. कारागिराने सही केली. मालकाने ती सही संशयाने पाहिली. मग मी दुकान बंद केलं, पाकीट आतल्या खिशात ठेवलं आणि सायकलवर बसलो. बॉबिन, तुला काय सांगू, रस्ताभर एक हात हँडलवर आणि एक हात छातीवर. एका बसवाल्याने शिव्या घातल्या. तरुणपणी खायचो त्याच शिव्या, बरं वाटलं.

घरी तुझी आई भांडी घासत होती. तिने हात पुसले, पाकीट घेतलं, दिव्यासमोर धरलं आणि म्हणाली, "आज उशीर केलात." बस. कौतुकाचा एक शब्द नाही. पण आत जाऊन तिने बराच वेळ नाक शिंकरलं, आणि तिला सर्दी नव्हती. मी बाहेर बसून वर्तमानपत्र उलटं वाचत होतो.

आता कायद्यातल्या बारीक गोष्टी सांगतो. गिऱ्हाइकाला चहा मागवला तर तो मालकाचा. कारागिराला एकट्याला तल्लफ आली तर तो कारागिराचा. आता गिऱ्हाइकाबरोबर कारागीरही चहा घेतो, तेव्हा काय? याच्यावर दोघांची बरीच बाचाबाची झाली. शेवटी ठरलं की गिऱ्हाइकाने आग्रह केला तरच घ्यायचा. त्यामुळे सध्या मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसतो.

एक भांडण मात्र घरापर्यंत आलं. तुझ्या आईच्या मशीनचा पट्टा तुटला. कारागीर म्हणाला, घरचंच मशीन आहे, बसवून टाकू. मालक म्हणाला, अरे, पट्टा दुकानाच्या पैशाने आणलेला आहे. आज पट्टा, उद्या मोटर, परवा पंखा! पंख्याचं नाव काढल्यावर कारागीर काय बोलणार? मालकाने निम्म्या दराने बिल केलं. तुझ्या आईने ते बिल वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

तू एवढ्यात आईला फोनवर विचारलंस म्हणे, "ते कसे आहेत?" 'ते' म्हणजे मीच ना? मी बरा आहे. हे तू मलाच विचारलंस तर उत्तर लवकर मिळेल.

बाबा

ता. क. पुढचं मी लिहिते. मीही बिल केलं. दुपारचे डबे, दुकानातली फडकी (माझ्या चादरी फाडून केलेली), पाटीवरची अक्षरं रंगवायची मजुरी, आणि मालकांची बडबड ऐकण्याचे वेगळे. मालक म्हणाले, तडजोड करू. पट्टा फुकट बसला. गोळ्या महिनाभराच्या एकदम आणल्या आहेत, काळजी करू नकोस. आणि बाळा, पाकीट हातात आलं ना, तेव्हा खरंच बरं वाटलं गं. रिकामं पाकीट ठेवून दिलंय. का ठेवलं ते मलाच ठाऊक नाही.

२० मार्च

चि. बॉबिन,

तुझं पत्र नाही. हरकत नाही, टपालखात्याला उशीर होतो. फेब्रुवारीपासून होतो आहे.

माझी तब्येत उत्तम. हल्ली दुकानात चालत जातो. सायकल विश्रांतीला ठेवली आहे, या वयात चालण्यासारखा व्यायाम नाही. रस्त्यात किती गोष्टी दिसतात! इतकी वर्षं सायकलवरून मला फक्त समोरचा माणूस आणि त्याची चूक दिसायची. काम जरा मंद आहे, पण दोन्ही पहिल्या तारखांना पाकीट भरून गेलं. ते महत्त्वाचं.

आज लिहितो आहे ते एका निकालासाठी. तू परक्या लोकांचे हिशेब तपासतेस, त्याचा पगार घेतेस, तर घरच्यांचा एक खटला फुकट चालव.

कारागिराचा चष्मा जुना झाला आहे. जवळचं धूसर दिसतं. शेजारच्या चष्मेवाल्याने बसल्या जागी डोळे तपासले आणि म्हणाला, "काका, या चष्म्यातून तुम्ही दुकान शोधता तरी कसं?" चांगला माणूस आहे. पैसे सावकाश द्या म्हणाला.

कारागिराने मालकाकडे अर्ज केला. म्हणाला, चष्मा दुकानाच्या पैशाने करू, काम तर तुमचंच होतं त्याच्यातून. मालक म्हणाला, चष्मा बसतो कुठे? नाकावर. नाक संध्याकाळी कुठे जातं? तुझ्याबरोबर घरी. तिथे तू त्यातून वर्तमानपत्र वाचतोस, भाजी निवडतोस. म्हणजे खाजगी खर्च. तुझ्या पगारातून कर. कारागीर म्हणाला, पगार तर बंद पाकिटात घरी जातो. मालक म्हणाला, मग घरून माग.

आता घरून कसा मागू? तुझ्या आईने महिना आखलेला असतो, पै-पैचा. आणि ज्या बाईला मी 'संध्याकाळी बघू' म्हणालो, तिच्यासमोर मीच हात पुढे करू? आणि चष्मेवाल्याची उधारी मालकाला मान्य नाही. पंख्यापासून त्याने धसका घेतला आहे. मालकाचं बोलणं मला पटतं. पटणारच, तो मीच आहे.

तर तू सांग. चष्मा घरचा की दुकानाचा? एकच शब्द लिही, 'घर' किंवा 'दुकान'. त्याला बोलणं म्हणत नाहीत, त्यामुळे तुझा अबोला मोडणार नाही.

तसं काही अडलेलं नाही. या हातांनी इतकी मशिनं उघडली आहेत की बोटांना सगळं दिसतं. चाक फिरवलं की कुठे काय अडतंय ते कानाला कळतं. डोळे नुसते सोबतीला.

आईला यातलं बोलू नकोस.

बाबा

ता. क. बोलू नकोस म्हणे! बाळा, सायकल विकली आहे. विश्रांतीला ठेवली म्हणतात ती दुसऱ्याच्या घरी. फेब्रुवारीत दुकानाला काम नव्हतं, तरी पाकीट भरून आलं आणि वरच्या नोटांना चेनच्या तेलाचा वास होता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुढच्या महिन्यात काय विकलं असतं कोण जाणे. चष्म्याची एक काडी मोडली आहे, ती दोऱ्याने बांधलीय. आकाशी दोरा, माझ्याच रिळातला, न विचारता घेतलेला. त्याचं मालकांना काही नाही.

३ मे

चि. बॉबिन,

सर्व ठीक. एक मशीन परत आलं होतं, किरकोळ. दुरुस्त करून दिलं. इकडे उकाडा आहे. मालक थोडा नरम आहे. तू वेळेवर खात जा.

बाबा

बाळा,

यावेळी ता. क. नाही, पत्रच लिहिते. कागद त्यांनी जवळजवळ कोरा सोडलाय. कोरा कागद सोडणारा माणूस नव्हे हा, त्यावरूनच तुला कळलं असेल.

दप्तरं शिवणारी बाई तुला आठवत असेल. उंच, हसली की दुकान दणाणून सोडायची, ती. दुकान उघडलं तेव्हाचं पहिलं गिऱ्हाईक. तिने एका शाळेच्या दप्तरांचं काम घेतलं होतं, म्हणून मार्चमध्ये मशीन यांच्याकडून नीट करून घेतलं. एप्रिलमध्ये एका दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले होते, तेव्हा ती आली. हसली नाही. दप्तर काउंटरवर ठेवलं, त्याचा पट्टा दोन बोटांत धरला आणि ओढला. पट्टा हातात आला.

"काका," ती म्हणाली, "पोरांची पुस्तकं रस्त्यावर पडतायत."

वरून शिवण सरळ, सुंदर. पण जाड कापडावर मधे मधे टाका पडलेलाच नव्हता. वरचा दोरा खालच्या दोऱ्याला भेटलाच नव्हता. तिचं मशीन ती रिक्षात घालूनच आली होती, ते यांनी उतरवून घेतलं, आडवं केलं, खालची पट्टी काढली. खालून एक हुक फिरतो आणि सुईच्या डोळ्यातला दोरा उचलून नेतो. सुई आणि त्या हुकाच्या टोकात केसाएवढी फट लागते म्हणे. जास्त झाली की हुकाला दोरा सापडत नाही. हे वाकले. दिवा जवळ घेतला. चष्मा वर केला, खाली केला, काढून पुसला, पुन्हा घातला. ती बाई उभी, मी उभी.

मग ते म्हणाले, "मला दिसत नाहीये गं."

लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून मी 'मला जमत नाही' ऐकलेलं नाही. घरात पाणी गळत असलं तरी म्हणतात, गळत नाहीये, येतंय. रडायला वेळ नव्हता, गिऱ्हाईक समोर. मी माझा चष्मा घातला आणि खाली वाकले. ते चाक हळूहळू फिरवत गेले, मी सांगत गेले. लांब आहे. अजून लांब आहे. आता जवळ आली. आता चिकटली, चिकटली, मागे घ्या. थांबा, आता आहे, केसाएवढी. स्क्रू त्यांनी पिळला. हात त्यांचे, डोळे माझे. मग जाड कापडाचा तुकडा घालून चालवून बघितलं, एकही टाका सुटला नाही.

दप्तरवाली म्हणाली, "काकू, पाटीवर तुमचं पण नाव घाला आता." आणि तेव्हा कुठे ती हसली.

जेवढी दप्तरं गेली होती तेवढी तिने शाळेतून परत आणली. दुकान बंद झालं की आम्ही तिघं बसायचो. ती पट्टे उसवायची, हे लावून द्यायचे, मी शिवायचे. दोरा दुकानाचा, मजुरी शून्य, शिवाय तिचं जे नुकसान झालं तेही भरून दिलं. शेवटच्या दिवशी तिने आम्हाला चहा पाजला. तो कुणाच्या खात्यात, हे कुणी विचारलं नाही.

परवा पहिली तारीख होती. उशिरा आले. नेहमी पाकीट हातात देतात, परवा टेबलावर ठेवलं आणि पाय धुवायला गेले. मी उचललं तर अगदीच हलकं. म्हणाले, "मालकाने पगार कापला." मी म्हटलं, "मालकांना एकदा जेवायला बोलवा, मला त्यांच्याशी बोलायचंय." हसले नाहीत. जेवताना म्हणाले, "पोरीला कळवू नकोस. म्हणेल, बघा, पुन्हा तेच." म्हणून मी कळवतेय.

मी म्हटलं, माझ्या पाकिटातून चष्मा करा. म्हणाले, ते घरखर्चाचे आहेत, तुझे आहेत. मी म्हटलं, माझे आहेत तर मी काय वाटेल ते करीन. म्हणाले, आणि मग पोरगी म्हणेल बापाने आईच्या पैशाने चष्मा केला. बघ, सगळीकडे तूच उभी आहेस.

एक गोष्ट फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी दुकानात मी हात पसरला नव्हता गं. हक्काने मागत होते. "संध्याकाळी बघू" म्हणाले तर मी घरी आल्यावर त्यांची जी खरडपट्टी काढायची ती काढलीच असती. तुला मात्र मी भिकारणीसारखी दिसले, त्याचं मला वाईट वाटलं. पण तू रागावलीस म्हणून पाकीट पुन्हा सुरू झालं, हेही खरं. म्हणून मी तुला इतके दिवस काही म्हटलं नाही.

आता म्हणते. पैसे पाठवू नकोस. पाठवलेस तर ते कुठल्या खिशात घालायचे यावर आणखी एक महिना जाईल. त्यांनी तुला मार्चमध्ये एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर दे. मी सांगून ऐकत नाहीत. सोनाराने कान टोचलेले बरे.

तुझी आई

१० मे

प्रति,
मालक,
शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान

विषय: आपल्याकडील कारागिराचा चष्मा

महोदय,

आपली माझी ओळख नाही. आपल्याकडे काम करणारा कारागीर माझा बाबा लागतो, त्या नात्याने लिहीत आहे. त्याची सगळी पत्रं मला मिळाली. टपालखात्याचा काहीही दोष नाही. सगळी पत्रं उघडली, आणि पहिल्या ओळीवर एकदाही थांबता आलं नाही.

निकाल पुढीलप्रमाणे: दुकान.

पेचकस कुणाचा? दुकानाचा. तेलाची कुपी कुणाची? दुकानाची. जे नसलं की टाका सुटतो ते हत्यार, आणि हत्यार दुकानाने घ्यायचं असतं. नाक घरी जातं म्हणून चष्मा खाजगी म्हणाल, तर हातही घरीच जातात, उद्या त्यांचंही भाडं लावाल. कारागिराने त्याच चष्म्यातून संध्याकाळी भाजी निवडली आणि बायकोचं तोंड पाहिलं, तर तेवढी सूट त्याला द्यावी. शेजारचे चष्मेवाले सावकाश पैसे घेतो म्हणत असतील तर हो म्हणावं. ड्रॉवरमधून पंखा घेणं आणि उधारीवर डोळे घेणं यांत फरक आहे.

दुसरी बाब कारागिराने विचारलेली नाही, पण खरं घोडं तिथेच अडलं आहे. आपण त्याला कारखान्यातला शेवटचा पगार लावलात. कारखान्यात मशिनांच्या रांगा होत्या, आपल्याकडे एक काउंटर आणि दोन स्टुलं आहेत. घर आणि दुकान वेगळं केलंत ते उत्तम केलंत. पण पगार किती, हे आपण दुकानाला विचारलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघून आकडा धरलात, आणि तो भरायला कारागिराने सायकल विकली. (हे मला कुणी सांगितलं ते विचारू नये. नोटांना वास येतो.) माझा राग एवढा महाग असेल असं मला वाटलं नव्हतं.

तरी असं करावं. घराला कमीत कमी किती लागतं ते आईला विचारा. ती माहीतगार आहे, आणि आता हुकाची फटही तिला कळते. दुकानाला सुया-पट्ट्यांसाठी आणि भाड्यासाठी किती मागे ठेवायला हवं ते ड्रॉवरला विचारा. त्यातून जमेल तो पगार ठरवा आणि तेवढाच द्या, पण दर महिन्याला द्या. चांगला महिना आला तर जास्तीचे ड्रॉवरमध्येच राहू देत, वाईट महिन्यात त्यातून पाकीट भरेल. दुकान वाढलं की कारागिराने पगारवाढ मागावी, आणि मालकांनी तेव्हा फार ताणू नये. आईला उतरण दाखवायची नाही म्हणता, पण ती तो हलता जिना रोज उतरते आणि तिचं काही बिघडलेलं नाही.

पायरी माझ्यामुळे हलते, हे मी मान्य करते. तिची दुरुस्ती माझ्याकडे. माझा खाजगी खर्च.

आपली,
एका कारागिराची मुलगी

बाबा,

मालकांना जे सांगायचं ते वर सांगितलं. हे तुमच्यासाठी.

त्या दिवशी मला फक्त आईचा हात दिसला. ड्रॉवरच्या कडेवर तुमचा हात किती घट्ट होता तो दिसला नाही. रागावले त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढे महिने तुमच्या हाका ऐकून गप्प बसले, त्याचं फार वाटतं. "मला दिसत नाहीये गं" हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते. बाहेर जाऊन बराच वेळ नाक शिंकरलं. मलाही सर्दी नव्हती.

जूनच्या पहिल्या तारखेला मी रजा टाकली आहे. सकाळच्या गाडीने येते आहे. दुकानात येणार नाही, घरीच थांबेन. तुम्ही संध्याकाळी जिना चढून याल तेव्हा एक हात छातीवर असेल, ते मला दारातून बघायचं आहे. पाकीट पातळ असू दे. त्यात कितीही असलं तरी चालेल.

फक्त आईला सांगा, कडेने जपून फाड. रिकामं पाकीट माझं आहे.

बॉबिन